अकरा सेकंदांची गोळी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जुनी झालेली बरीच मंडळी आपली कहाणी सांगताना आधी गळा काढतात. मी तसं काही करणार नाही. मला लोकांनी नावं ठेवली, भिरकावलं, कोपऱ्यात सारलं. पण मी जे काम केलं ते योग्य होतं, आणि हे मी कुणासमोरही छातीठोकपणे सांगेन.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची लांबच लांब गुंडाळी यंत्रात शिरायची आणि माझ्यासारखे डबे दुसऱ्या टोकाने खणखणत बाहेर पडायचे. मला गोल वळवलं, कड दाबली, बूड बसवलं. झाकण तर इतकं घट्ट होतं की ते उघडताना मोठ्या माणसांचीही नखं दुखायची. मग माझ्यात हजार लाल गोळ्या भरल्या. त्या लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या होत्या.

या गोळ्या कशासाठी, ते सांगतो. पोटात बाळ वाढत असलं की आईच्या रक्तावर दोन जीव जगतात. रक्ताला लाली येते ती लोहामुळे. ते कमी पडलं की रक्त फिकं होतं. आई दमते, तिला धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं तर तिच्या जिवावर बेततं. याला रक्तक्षय म्हणतात. तो होऊ नये म्हणून रोज एक गोळी घ्यायची, आणि झालाच असेल तर डॉक्टर किंवा नर्स सांगतील तेवढ्या. एवढंच माझं काम होतं.

मी आलो एका दवाखान्यात. दवाखाना कसला, एका शिलाई कारखान्याच्या मागच्या अंगणातली ती एक खोली होती. एक खाट, एक वजनकाटा, सतत गळणारा नळ, आणि कारखान्याच्या मागच्या दाराकडे उघडणारी खिडकी. तिथल्या नर्सला सगळे सिस्टर म्हणत. सिस्टरचा आवाज एवढा मोठा की तिने खोलीत कुणाचं वजन वाचलं की ते अंगणात सगळ्यांना समजायचं. मी रिकामा झालो की ती मला पुन्हा भरायची. सुरुवातीच्या वर्षांत माझा फार मान होता. माझ्यावर धूळ बसू दिली जात नसे.

एकदा एका बाईच्या मांडीवरच्या चिमुरडीने मला टेबलावरून ओढलं, खुळखुळ्यासारखं वाजवलं आणि झाकणाला दात लावले. झाकण हललंसुद्धा नाही. सिस्टर मात्र पांढरीफटक पडली. मित्रांनो, हे नीट ऐका. माझ्यातल्या गोळ्या आईला बळ देतात, पण लहान मुलांनी त्या गोड समजून खाल्ल्या तर विषासारख्या बाधतात. म्हणून माझ्या घट्ट झाकणाचा मला अभिमान होता.

पुढे दिवस पालटले. बायकांमध्ये माझी बदनामी सुरू झाली. या गोळ्यांनी मळमळतं, पोट साफ होत नाही, शी काळी होते, अशा तक्रारी यायच्या. त्यातल्या काही खऱ्याच होत्या, मी नाकारत नाही. पण अंगी न लागलेलं लोह बाहेर पडताना काळंच दिसणार, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? त्याहून वाईट म्हणजे, या गोळ्यांनी बाळ पोटात फार माजतं आणि बाळंतपणात अडकतं, अशी एक अफवा घरोघरी पोचली होती. बायका सिस्टरसमोर मान डोलवायच्या, पुडी घ्यायच्या आणि अंगणातून जाताना गटारात ओतायच्या. खिडकीतून मला सगळं दिसायचं. माझ्या लाल गोळ्या गटारात विरघळताना बघून माझ्या पत्र्याची लाही व्हायची.

अशा दिवसांत आमच्या दवाखान्यात काजवाली आली.

ती कारखान्यात शर्टांना काजं करायची, म्हणजे बटण ज्यातून जातं ती भोकं. काज पाडणाऱ्या यंत्रावर ती सकाळपासून बसायची. तिला पाच वर्षांची एक मुलगी होती आणि आता दुसऱ्या वेळी दिवस गेले होते. नवरा मालगाडीवर चालक, आठवड्यातून दोनदाच घरी. घर चालायचं ते सासूबाईंच्या शब्दावर.

"मागच्या वेळी फार रक्त गेलं होतं, सिस्टर," ती म्हणाली. "तीन दिवस मला वर दिसतंय ते छत आहे की आभाळ, तेच कळत नव्हतं."

सिस्टरने तिच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब छोट्या यंत्रात घातला. हिमोग्लोबिनचा आकडा आला आठ पूर्णांक एक. निदान अकरा तरी हवा होता. सिस्टरने माझं झाकण उघडलं, गोळ्यांची पुडी बांधली आणि दिवसाला दोन घ्यायला सांगितल्या. काजवालीने मान डोलवली. ती मान डोलवणं मला ओळखीचं होतं. पण ती गटारापाशी थांबली नाही, सरळ पुढे गेली. मला बरं वाटलं.

महिनाभराने मागच्या दारातून आरडाओरडा ऐकू आला. काजवाली यंत्रावरच चक्कर येऊन पडली होती. शेजारी शर्टांचा ढीग होता म्हणून डोकं वाचलं. दोघींनी तिला धरून आणलं आणि त्यांच्या मागोमाग कारखान्याचे कटिंग मास्तरही आले. मास्तर म्हणजे कापड बेतून कापणारे. वय झालेलं, मिशा पांढऱ्या.

सिस्टरने पुन्हा रक्त तपासलं. सात पूर्णांक सहा.

"गोळ्या घेतेस का?"

"घेते."

"रोज?"

"रोज."

"शी काळी झाली?"

काजवाली गोंधळली. "नाही. का बरं?"

"मग तू खोटं बोलते आहेस," सिस्टर म्हणाली.

मित्रांनो, ज्या गोष्टीवरून मला इतकी वर्षं हिणवलं, तीच त्या दिवशी माझ्या बाजूने साक्षीला उभी राहिली! मी डबा नसतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

काजवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीन दिवस घेतल्या. मग आईंनी पुडी कचऱ्यात टाकली. म्हणाल्या, बाळ मोठं होईल आणि तू जाशील. आणि खरं सांगू का सिस्टर, मला मळमळतच होतं. त्यांनी टाकल्या तेव्हा सुटल्यासारखं वाटलं."

 सिस्टर काजवालीच्या ओठांकडे बघत होती. ओठांच्या कोपऱ्यात पांढरी भुकटी होती.

"हे काय खातेस?"

काजवालीने मान खाली घातली. उत्तर मास्तरांनी दिलं. "तरीच! माझे खुणा करायचे खडू महिनाभर गायब होताहेत. मी म्हटलं, उंदीर शिंपीकाम शिकायला लागले की काय."

"मला राहवतच नाही," काजवाली पुटपुटली. "कापडावर खडूची रेघ दिसली की तोंडाला पाणी सुटतं."

"रक्त फार कमी झालं की असं होतं," सिस्टर तिच्याजवळ बसत म्हणाली. या वेळी तिचा आवाज कधी नव्हे इतका हळू होता. "यात लाज कसली? पण नीट ऐक. मळमळत असेल तर पोटात दोन घास गेल्यावर गोळी घे. चहाबरोबर कधीच नको, चहा लोहाला अंगी लागू देत नाही. चहानंतर तासभर थांब आणि लिंबाच्या पाण्याबरोबर घे. आणि आकडा सातच्या खाली गेला तर गोळ्यांवर भागणार नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. मागच्या वेळेसारखं रक्त गेलं तर या वेळी तुझ्याकडे द्यायला रक्तच नाही, समजलं?"

काजवालीने हाताने ओठ पुसले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "घरी पुडी राहणार नाही. मग तो डबाच द्या. मी यंत्रावर ठेवते. तिथे आई येत नाहीत."

कारखान्यात आणखी तिघी पोटुशी होत्या. सिस्टरने चौघींना महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या माझ्यात ठेवल्या, बाकीच्या बरणीत ओतल्या. अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा नोकरीवर रुजू झालो.

कारखान्याचा सुपरवायझर हातातल्या घड्याळाशिवाय कशाकडे बघत नसे. बायका पाठीमागे त्याला घड्याळमामा म्हणत. दहाला चहाची सुट्टी, एकला जेवण, चारला पुन्हा चहा. मधे कुणी पाणी प्यायला उठलं तरी तो मनगट वर करायचा. आणि आमची गोळीची वेळ होती अकराची, कारण चहानंतर एक तास जायला हवा.

पहिल्याच दिवशी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"हे काय?"

"डबा," काजवाली म्हणाली.

"तो मलाही दिसतोय. यंत्रावर कापडाशिवाय काही ठेवायचं नाही. हा दवाखाना नाही. उचल."

"अकराला गोळी घेते आणि झाकण लावते, साहेब. बाकी तो तुम्हाला काही त्रास देणार नाही."

त्याने मला उचललं आणि दाराच्या दिशेने भिरकावलं. मी लोखंडी चौकटीवर आदळलो. कुशीत हा एवढा पोचा पडला. पण झाकण उघडलं नाही. एक गोळीसुद्धा सांडली नाही. घड्याळमामाची सगळी ताकद आणि माझं झाकण, यात कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा.

यंत्रांची घरघर थांबली. काजवाली उठली. एक हात पोटावर ठेवून ती सावकाश दारापर्यंत आली, मला उचललं, बाहीने पुसलं आणि परत नेऊन यंत्रावर ठेवलं.  

"साहेब, आता एक करा. घड्याळ बघा. मी गोळी घेते, तुम्ही वेळ मोजा. एका शर्टाच्या काजांना लागतो त्याहून जास्त वेळ लागला, तर हा डबा मीच बाहेर टाकते."

सगळे बघत होते. घड्याळमामाला मनगट वर करावंच लागलं. काजवालीने माझं झाकण उघडलं, गोळी जिभेवर ठेवली, बाटलीतलं लिंबाचं पाणी प्यायली, झाकण दाबलं, खाली बसली आणि यंत्राच्या पायपट्टीवर पाय ठेवला.

"किती झाले?" मास्तरांनी कापडाच्या टेबलावरून विचारलं.

घड्याळमामा मनगटाकडेच बघत राहिला.

"सांगा की साहेब, किती झाले?" मागून कुणीतरी ओरडलं.

"अकरा," तो म्हणाला. "अकरा सेकंद."

"आणि मी पडले होते त्या दिवशी अर्धा दिवस यंत्र बंद होतं," काजवाली म्हणाली. "ते नव्हतं का मोजलंत?"

मास्तर मोठ्याने म्हणाले, "साहेबांना घाम पुसायलाच याहून जास्त वेळ लागतो!" आणि सगळा कारखाना हसला. त्या हशातच बाकीच्या तिघी उठल्या, आपापली गोळी घेऊन जागेवर गेल्या. घड्याळमामा पुढेही कधी प्रेमळ वगैरे झाला नाही. पण त्याने मला पुन्हा हात लावला नाही.

त्यानंतर रोज अकराला माझं झाकण वाजायचं. काजवालीची दुसरी गोळी संध्याकाळी काम सुटल्याची घंटा होताना. सुट्टीच्या दिवसाच्या गोळ्या ती रुमालाच्या गाठीत बांधून घरी न्यायची आणि मोरीत जाऊन घ्यायची. पहिले आठ दिवस तिला मळमळलं, दोनदा ती उलटीला पळाली. तिसऱ्या आठवड्यात मास्तर म्हणाले की आता खडू जागच्या जागी असतात. महिन्याने आकडा आला आठ पूर्णांक सात, त्यानंतर नऊ पूर्णांक नऊ. सिस्टरने तो आकडा एवढ्या जोरात वाचला की अंगणातल्या बायकांनी तिकडूनच शाबासकी दिली.

आणि मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सासूबाई अंगणात येऊन थडकल्या. पाच वर्षांच्या नातीने सगळं सांगून टाकलं होतं. आई मोरीत लाल गोळी खाते, म्हणून. काजवाली नळाजवळच्या पायरीवर बसली होती आणि दवाखान्यातून नुकताच भरून आणलेला मी तिच्या शेजारी होतो.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन महिने झाले, आई."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर घेऊ दिल्या असत्यात?"

सासूबाईंनी मला उचललं. मला वाटलं, आता गटार. पण त्यांचा हात जागीच थांबला आणि त्या रडायलाच लागल्या.

"माझी धाकटी बहीण अशीच गेली गं. सगळे म्हणाले बाळ मोठं होतं. मी तिचा हात धरून बसले होते. मला पुन्हा तसं बसायचं नाही."

सिस्टर खिडकीतून हे ऐकत होती. ती बाहेर आली. "बाळ बाहेर आलं होतं का?"

"आलं की. आहे तो अजून. दोन मुलांचा बाप झालाय."

"म्हणजे बाळ काही अडकलं नव्हतं. मग बहीण कशाने गेली?"

सासूबाईंनी मला छातीशी धरलं. "रक्ताने. थांबेचना."

"आणि त्याआधी तब्येत कशी होती तिची?"

"फिकुटलेली. जिना चढताना मधेच बसायची. आणि," सासूबाईंनी डोळे पुसले, "पाटीवरची पेन्सिल खायची. कुडूम कुडूम. आम्ही सगळे हसायचो तिला."

काजवालीचा चेहरा बदलला. "आई, मी खडू खात होते. मास्तरांचे. तुम्हाला कधी बोलले नाही. गोळ्या सुरू केल्या आणि खाण्याची इच्छाच गेली."

सासूबाई पायरीवर बसल्या. मी अजून त्यांच्या हातात होतो. त्यांनी मला इकडून तिकडून फिरवून पाहिलं, पोच्यावरून अंगठा फिरवला. मग मला खाली ठेवून उठल्या.

"मला हे काही पटलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. फाटकापाशी वळून ओरडल्या, "आणि मोरीत कसल्या गोळ्या घेतेस? माणसासारखी स्वयंपाकघरात बसून घे!"

शेवटची तपासणी झाली तेव्हा आकडा होता अकरा पूर्णांक एक. काजवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली. मला भरायला म्हणून दवाखान्यात परत आणलं होतं. चार-पाच दिवस तिची काही खबर नव्हती. सिस्टर दर थोड्या वेळाने खिडकीतून रस्त्याकडे बघायची. मीही बघत होतो, दुसरं काय करणार?

पाचव्या दिवशी सासूबाई आल्या. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. सिस्टर उभीच राहिली.

"रक्त गेलं," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळेइतकंच गेलं. मी भिंतीला टेकून उभी होते. म्हटलं झालं, पुन्हा तेच. पण डॉक्टरीणबाईंनी वेळेवर थांबवलं. म्हणाल्या, अंगात रक्त होतं म्हणून हिला झेपलं." त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "सकाळी उठून बसली आणि माझ्याकडे चहा मागितला. मी म्हटलं, आधी गोळी, चहा तासाभराने."

"आणि बाळ?"

"मुलगी. पावणेतीन किलो. काही राक्षस वगैरे नाही, छान बेताची आहे." मग त्यांनी टेबलावर हात आपटला. "बाळंतपणानंतरही काही महिने घ्यायच्या म्हणे गोळ्या. द्या लवकर, मला परत जायचंय."

सिस्टरने महिन्याच्या गोळ्या बांधल्या. सासूबाईंनी पुडी हातावर तोलली. "एवढ्याच?"

"महिन्याने या, पुढच्या देते."

"येईन की. मी काय विसरणार आहे?" आणि जाताजाता त्यांची नजर बाकावर बसलेल्या एका नव्या मुलीवर पडली. तिने नुकतीच पुडी घेतली होती आणि नाक मुरडलं होतं. सासूबाई तिच्यासमोर थांबल्या. "तोंड वाकडं करू नकोस. जीव जड झालाय का तुला?"

मित्रांनो, या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. हल्ली गोळ्या चकचकीत पाकिटात एकेक वेगळ्या येतात. ते चांगलंच आहे, त्या ओलसर होत नाहीत. माझं झाकण आता सैल झालंय, बुडाला गंज चढलाय. सिस्टरच्या जागी आलेली नवी नर्स माझ्यात कापूस ठेवते आणि साफसफाई निघाली की मला भंगारात काढायचं म्हणते. काढू दे. पत्रा वितळतो आणि त्याचं दुसरं काहीतरी होतं, त्याची मला भीती नाही.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आजही खिडकीतून बघतो तर कुणीतरी मान डोलवून पुडी घेतं आणि गटारापाशी थांबतं. कुणाची सासू नको म्हणते, कुणाच्या नवऱ्याला वेळ नाही, कुणाचा साहेब घड्याळ दाखवतो. आणि ती बिचारी सगळ्यांचं ऐकते, स्वतःच्या धापेचं तेवढं ऐकत नाही.

तुम्ही लहान आहात, पण इतकेही लहान नाही. तुमची आई, काकू, मावशी, शेजारची ताई, कुणीही बाळाची वाट बघत असेल, तर तिला विचारा: रक्त तपासलंस का? डॉक्टरांनी दिलेली गोळी आज घेतलीस का? ती "घेते रे नंतर" म्हणेल. तुम्ही पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभे राहा, आणि ती गोळी गिळेपर्यंत तिथून हलू नका.